जोडीत माफी नसते

एका काठीसाठी माणूस पाण्यात का उतरला? हा प्रश्न मी त्या तळ्याकाठी पडल्या पडल्या कितीदा विचारला. मला तोंड नाही, हे खरं. पण ज्यांना तोंड होतं त्यांनीही उत्तर दिलं नाही.

मी पटर बोलतोय. गोल्फच्या पिशवीतल्या बाकीच्या काठ्या बॉल लांब उडवतात. मी त्याला हळूच खड्ड्याकडे लोटतो. दादा मैदानावर गवत कापायचा. त्यानं मला भंगारातून उचललं तेव्हा माझी मूठ सोलून निघाली होती. त्याच्या बायकोनं, शिवणकाम करणाऱ्या वहिनीनं, जुन्या पर्सचं चामडं कापून मुठीवर घट्ट शिवलं आणि म्हणाली, "घ्या, तुमच्या लाडक्याला नवा कोट."

त्या घरात मी सुखात होतो. शिवणयंत्राखाली एक कप आडवा ठेवायचे आणि तिघं पाळीपाळीनं चटईवरून बॉल लोटायचे. दादाच्या धाकट्या भावाला हळू हा शब्दच ठाऊक नव्हता. त्याचा बॉल कपावरून भिंतीवर आणि भिंतीवरून पलंगाखाली. दादा त्याला तोफ म्हणायचा.

"तोफ, चिमणीला दाणे टाकायचेत, दगड नाही. मान खाली. मारल्यावर मनात तीन आकडे मोज, मगच वर बघ."

"आणि नाही गेला तर?"

"थांबलाय तिथून पुढचा मारायचा. मागचा फटका घरी न्यायचा नाही."

दोघा भावांनी हौशी खेळाडूंच्या जोडी-स्पर्धेत नाव दिलं होतं. जोडीत बॉल एकच असतो. एक फटका याचा, पुढचा त्याचा. सोबत्यानं झुडपात घातला तर आपण तिथून काढायचा. म्हणून दादाचा पहिला नियम होता, जोडीत माफी मागायची नाही. माफी मागत बसलं की पुढचा फटकाही बिघडतो.

स्पर्धेला दोन महिने होते. सरावात हातभर अंतरावरून धाकटा तीनदा चुकला. त्याचं डोकं फिरलं आणि त्यानं मला गरगरा फिरवून तळ्यात भिरकावलं.

"आणतो रे," दादा चपला काढत हसला. "नाहीतर तुझी वहिनी कोटाचा हिशेब विचारेल."

तळाशी गाळ होता, दादाचे पाय त्यात रुतले. दादाची बोटं माझ्या मुठीला लागली, आवळली, आणि मग सैल झालीच नाहीत. धाकट्याला पोहता येत नव्हतं. तो छातीभर पाण्यात उभा राहून नुसता ओरडत होता. लोकांनी दादाला वर काढलं, तेव्हा मला त्याच्या हातातून सोडवायला दोन माणसं लागली.

त्यानंतर धाकटा घरी जेवायला येईना. मैदानावरच्या अवजारांच्या खोलीत राहायचा आणि दादाच्या वाट्याचं गवत कापायचा. वहिनीनं मला पुसलं, तेल लावलं. स्पर्धेच्या यादीतून नावं काढायला धाकटा कचेरीत गेला, तर ती आधीच तिथं बसलेली.

"यांच्या जागी माझं लिहा," ती कारकुनाला म्हणाली.

"मी त्या काठीला हात लावणार नाही, वहिनी."

"नको लावूस."

स्पर्धेत त्यानं खरंच लावला नाही. खड्ड्याजवळ त्याची पाळी आली की तो दुसरीच लोखंडी काठी काढायचा. बॉल उड्या मारत भलतीकडे जायचा. "सुरीनं चहा ढवळतोय बघा!" कोणीतरी हसलं. वहिनी बॉल जिथं जाईल तिथं चालत गेली, वाकली, मारला, पुन्हा चालत गेली.

शेवटच्या खड्ड्यापाशी तिचा फटका हातभर अलीकडेच थांबला. जिचा टाका कधी इकडचा तिकडे होत नाही, तिचा बॉल अपुरा कसा पडला, ते मला माहीत आहे. सांगणार नाही.

आमचा नंबर शेवटून दुसरा आला. आता मी शिवणयंत्रामागे भिंतीला टेकून असतो, मुठीवरचं चामडं भेगाळलंय. धाकटा रोज जेवायला येतो. माझं मागणं एवढंच, राग आला तर मला खाली ठेवा. मी कुठं पळून जात नाही.

पण तो शेवटचा फटका राहिलाच सांगायचा. वहिनीनं मला धाकट्यासमोर धरलं.

"माफ कर गं, वहिनी. मी फेकलं नसतं तर…"

"ठाऊक आहे मला."

"तू एकदा तरी शिव्या दे."

"जोडीत माफी नसते. तुझ्या दादानंच सांगितलंय ना? बॉल कुठाय ते बघ. तिथून मार."

त्याचा हात मुठीवर आला. दादाची बोटं जिथं रुतली होती, नेमका तिथंच. त्यानं मला उचललं, पुन्हा खाली टेकवलं. मी जड होऊन राहिलो, जितकं होता येईल तितका. त्यानं मान खाली घातली आणि मी बॉलला हळूच पुढं लोटलं.

एक. दोन. तीन.