दुखवट्याच्या चार ओळी

ओळखीत कुणी गेलं की घरातले सगळे आपापला फोन थोरल्या सुनेपुढे सरकवायचे. "वहिनी, तेवढं लिहून द्या हो." सासऱ्यांपासून दिरापर्यंत सगळ्यांच्या वतीने तीच लिहायची. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार विभागात होती. नळ कोरडे पडलेल्या, भलतंच बिल आलेल्या, चिडून लाल झालेल्या माणसांना उत्तरं लिहिण्यात तिची निम्मी नोकरी गेली होती. त्यामुळे 'ऐकून अतीव दुःख झाले', 'कधीही न भरून निघणारी पोकळी', 'आम्ही सर्व आपल्या दुःखात सहभागी आहोत' ही वाक्यं तिच्या बोटांवर तयार असत. माणूस बघून ती कमीजास्त करायची. जवळच्याला पोकळी, लांबच्याला नुसतं दुःख.

धाकटी जाऊ कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. बोलायला फटकळ, स्वयंपाकात यथातथा, पण मनाने मोकळी. थोरलीचं तिच्याशी काही वाकडं नव्हतं. वाकडं आलं ते नणदेचा नवरा गेला तेव्हा.

थोरलीने नणदेला चांगला लांबलचक मजकूर पाठवला. 'धीरगंभीर व्यक्तिमत्त्व' हे शब्द तिने खास ठेवणीतून काढले होते. उलट उत्तर आलं ते दोन जोडलेल्या हातांचं चित्र. थोरलीला वाटलं, बिचारी दुःखात आहे, काय लिहिणार! पण चार दिवसांनी सगळे भेटायला गेले, तेव्हा नणदेने धाकटीला हाताला धरून शेजारी बसवलं.

"हिचं वाचलं आणि मला पहिल्यांदा रडू फुटलं," ती म्हणाली. "तोवर डोळ्यांत टिपूस नव्हता." आणि तिने ते सगळ्यांना वाचून दाखवलं.

धाकटीने लिहिलं होतं, 'ताई, भाऊजी दर दोन महिन्यांनी चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून यायचे. ती कधीच सैल नसायची. मी उगाच स्क्रू फिरवायचे आणि ते उगाच समोरची पाटी वाचून बघायचे. मग म्हणायचे, चला, आता घरी जाऊन तुझ्या नणदेचा राग स्पष्ट दिसेल. मला त्यांची फार आठवण येईल.'

खोलीत कुणी हसलं, कुणी डोळे पुसले. सासऱ्यांनी तर धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. थोरली खुर्चीच्या कडेला बसून होती. ती आतून अशी पेटली की समोरच्या चहाला तिने हातही लावला नाही. इथे एका बाईचा नवरा गेलाय आणि आपण कुणाच्या ओळी सरस हे मोजत बसलोय, हे तिला कळत होतं. लाजही वाटली. पण आग काही त्याने विझली नाही.

परतताना नवरा सहज म्हणाला, "धाकटीने काय लिहिलंय, नाही?"

"मग आता तिलाच सांगत जा सगळे," थोरली म्हणाली.

तिला वाटलं होतं, तो म्हणेल, छे, तुझी सर नाही कुणाला. पण पुढच्याच महिन्यात त्याच्या साहेबांची आई गेली, तेव्हा त्याने खरंच आपला फोन धाकटीपुढे धरला. थोरली कपड्यांच्या घड्या घालत होती. एकाच शर्टाची घडी तिने तीनदा मोडली.

त्यानंतर खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका गेले. जिन्याखालच्या खोलीत त्यांचं मशीन असे. आयुष्यभर लोकांच्या विजारी आखूड केल्या, कोट सैल केले, आणि तोंडातल्या टाचण्यांमुळे म्हणा की स्वभावामुळे म्हणा, माणूस कधी दोन वाक्यांच्या वर गेला नाही. 'शनिवारी या' आणि 'उद्या बघतो' एवढंच थोरलीने त्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

तिने काकूंना लिहायला घेतलं. बोटं सवयीने 'अतीव' वर गेली. तिने ते खोडलं. आठवण हवी. धाकटीसारखी, नेमकी, काळजाला हात घालणारी. थोरलीने डोकं खाजवलं, पण 'शनिवारी या' ची काय आठवण करणार? धाकटी तिकडे पलंगावर मांडी घालून भराभर टाइप करत होती, आणि मधेच स्वतःशी हसतही होती. ते हसू बघितलं आणि थोरलीचा तोल गेला.

तिने लिहिलं, 'काकू, गेल्या महिन्यात काका जिन्यात भेटले. क्षणभर थांबले आणि म्हणाले, आमच्या हिने मला आयुष्यभर सांभाळून घेतलं, पण तिला कधी बोलून दाखवलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.'

वाचून तिलाच गहिवरून आलं. तिने ते पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कचेरीतून आली तर काकू वरच्या पायरीवर बसलेल्या. हातात फोन. थोरलीला वाटलं, आता या आपल्याला मिठी मारणार. तिने पर्स खाली ठेवून तयारीही केली.

"हे असं म्हणाले?" काकूंनी विचारलं.

"हो ना, काकू."

"तुझ्याजवळ?"

थोरलीने मान डोलावली.

"चाळीस वर्षं मी त्या मशीनशेजारी बसून बटणं लावली," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मोकळ्या हाताची मूठ आवळली होती. "एक शब्द नाही बोलले कधी. मी म्हटलं, जाऊ दे, स्वभावच तसा. आणि बोलले तर तुझ्याजवळ! येता-जाता, जिन्यात! तू अशी कोण लागून गेलीस गं त्यांची?"

काकूंचा तो चेहरा, ती आवळलेली मूठ, ते थोरलीला चांगलंच ओळखीचं होतं. तेच दुखणं गेले कित्येक दिवस ती स्वतः घेऊन फिरत होती. फक्त काकूंचं दुःख खरं होतं आणि त्यावर ही आग तिनेच नेऊन ठेवली होती.

"मला रात्रभर एकच," काकू म्हणाल्या, "की मला ह्यांची ओळखच नव्हती का काय?"

"काकू, ते बोलले नव्हते," थोरली म्हणाली. "मी मनाने लिहिलं."

"म्हणजे?"

"म्हणजे खोटं. ते मला 'शनिवारी या' म्हणाले होते. तेवढंच."

काकूंनी इतका लांब श्वास सोडला की त्यांचे खांदे खाली आले.

"तरीच," त्या म्हणाल्या. "तरीच म्हटलं, एवढं लांब वाक्य ह्यांचं कसं!" आणि लगेच त्यांचे डोळे वाहायला लागले. थोरली खाली पायरीवर बसली. काय करावं न सुचून तिने पर्समधला रुमाल पुढे केला. तो काकूंनी घेतला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

"मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालतेस? कशासाठी गं?"

"धाकटीपेक्षा चांगलं लिहायचं होतं."

काकूंनी आता तिच्याकडे वळून बघितलं. थोरलीला वाटलं, थोबाडीत बसते की काय. कानशिलं तिची आधीच तापली होती.

"धाकटीने तर तक्रार लिहिलीय," काकू म्हणाल्या. "काकांनी कोटाची एक बाही लांब केली, आणि विचारलं तर म्हणे, तुझाच एक हात आखूड आहे. हे मात्र अगदी ह्यांचं!" त्या रडता रडता हसल्या, आणि हसता हसता पुन्हा रडल्या. "तू माझ्याशी फार वाईट वागलीस, सांगून ठेवते."

"हो काकू."

"ते आधी पुसून टाक माझ्या फोनमधून."

थोरलीने ते पुसलं. फोन परत देताना तिला दिसलं की न उघडलेले निरोप ढिगाने पडले होते. गिऱ्हाइकं, नातेवाईक, सूत-अस्तरवाले, सगळ्यांचे.

"ह्यांना उत्तरं कोण देणार?" काकू म्हणाल्या. "मला सुचत नाही काही. तुझं ते कचेरीतलं असतं ना, आपण आठवण ठेवलीत, आभारी आहोत, तसलं? ते चालेल या लोकांना. ये खाली."

थोरली खाली गेली. काकांच्या मशीनवर कापड झाकलेलं होतं. शेजारच्या स्टुलावर बसून ती लिहू लागली. आपण दाखवलेल्या आपुलकीबद्दल ऋणी आहोत. आपले शब्द धीर देणारे आहेत. एकेक निरोप पाठवत ती पुढे सरकत होती आणि काकू मधूनमधून "हं, बरं आहे" म्हणत होत्या. खूप दिवसांनी कुणीतरी तिच्या वाक्यांना बरं म्हणत होतं. तिला जरा हलकं वाटायला लागलं.

मग यादीत धाकटीचं नाव आलं. थोरलीने बोटं चालवली, 'आपण दाखवलेल्या...'

"थांब, थांब," काकूंनी फोन काढून घेतला. "तिला मी माझ्या हाताने लिहिते."

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि एकेक अक्षर शोधत लिहायला सुरुवात केली. चेहरा मघापेक्षा उजळला होता. थोरली शेजारी हात मांडीवर ठेवून बसली. काय लिहिताहेत ते दिसावं म्हणून तिने मान थोडी लांब केली. काकूंनी फोन पलीकडे वळवला.