फ्राउकेने घातलेली टीप

मित्रांनो, मी एक जुने शिवणयंत्र आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये, नंदाआजींच्या खिडकीपाशी, सध्या माझा मुक्काम आहे. अंगावरची सोनेरी नक्षी कधीच पुसली गेली, पण माझी मान ताठ आहे. का, ते ऐका.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. हॉलंडमधल्या योएल नावाच्या ज्यू शिंप्याने मला विकत घेतले. त्याच्या हाताची सफाई अशी, की गावचे पाद्रीसुद्धा त्याच्याकडूनच कोट शिवून घेत. मग दुसरे महायुद्ध आले आणि जर्मनीने हॉलंड घेतले. जर्मन सैनिक ज्यू कुटुंबांना घरांतून उचलून नेऊ लागले. नेलेली माणसे परत येत नव्हती. तेव्हा फ्राउके नावाच्या एका शेतकरणीने आणि तिच्या नवऱ्याने योएल, त्याची बायको आणि सहा वर्षांची हेन्नी यांना आपल्या गोठ्याच्या माळ्यावर गवतामागे लपवले. मला बटाट्यांच्या पोत्यांखाली दडवून आणले.

रस्ता मोकळा दिसला की योएल खाली येऊन शिवत बसे. माझा आवाज ऐकून गावाला वाटे, शिवते ती फ्राउकेच. तिला तर साधा टाकाही येत नव्हता.

"बाई, तुम्हाला शिवता यायलाच हवं," योएल म्हणाला. "कुणी विचारलं तर?"

तो शिकवू लागला. तिचे पाय चुकत, चाक उलटे फिरे, दोरा तटकन तुटे. योएल कधी रागावला नाही. पुन्हा दोरा ओवून देई.

एका सकाळी सैनिक दारात आले. माझ्या सुईखाली हेन्नीचा अर्धा शिवलेला फ्रॉक होता, आणि त्या घरात तर मूलबाळ नव्हते.

"हा कुणाचा?" एकाने विचारले.

"माझ्या भाचीचा."

"असं? मग शिवून दाखव."

फ्राउके बसली. पाय पॅडलवर नीट ठेवले. तिने चाकाला हात लावला आणि टीप घातली. काखेपासून घेरापर्यंत, सरळ, एकही टाका न सुटता. तो सैनिक शेवटपर्यंत बघत उभा राहिला, मग सगळे निघून गेले. वर तीन जीव श्वास रोखून बसले होते. मी दोरा तुटू दिला नाही, एवढेच माझे श्रेय. विद्या योएलची होती आणि धैर्य त्या बाईचे. पण त्या टिपेचा अभिमान मला आजही वाटतो.

युद्ध संपले. तिघेही वाचले. हेन्नी मोठी झाली आणि लग्न होऊन नॉटिंगहॅमला आली, मलाही घेऊन आली. तिने माझ्यावर पडदे शिवले, मुलांचे युनिफॉर्म शिवले, पण ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. पोटच्या मुलांनाही नाही. पुढे तिची बोटे आखडली आणि माझ्यावर कुंड्या आल्या.

२००५ साली हेन्नी लहान फ्लॅटमध्ये राहायला निघाली. सामान काढणाऱ्यांनी मला कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीपाशी नेले, तेवढ्यात शेजारची दहा वर्षांची पूर्वी ओरडली, "आजी, हे मशीन फेकून देणार आहेत ते!"

नागपूरहून मुलाकडे आलेल्या नंदाआजी घरातल्या सपाता घालूनच धावल्या. "अगं, नको म्हणावं त्यांना! असं लोखंड आता मिळतं का कुठे?"

त्यांनी मला घरी नेले, तेल दिले, नवा पट्टा चढवला. हेन्नी निरोप घ्यायला आली, तेव्हा आजींनी मला चालवून दाखवले. माझा खडखडाट कानी पडताच हेन्नी जिन्याच्या पायरीवर बसली आणि साठ वर्षांत पहिल्यांदाच ते सारे बोलली. तिचे इंग्रजी बोलणे छोटी पूर्वी आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत आजींना सांगत गेली.

आजींनी एवढेच म्हटले, "त्या बाईचं नाव काय होतं, विचार ना."

"फ्राउके," हेन्नी म्हणाली, आणि पुन्हा एकदा म्हणाली, "फ्राउके."

पुढच्या जानेवारीत, युद्धात मारल्या गेलेल्या ज्यूंच्या स्मृतिदिनी, पूर्वी शिकत होती त्या शाळेने हेन्नीला बोलावले. मलाही नेले. गोष्ट संपल्यावर पूर्वीने हात वर केला. "तुम्ही सापडला असतात, तर फ्राउकेचं काय झालं असतं?"

"तिलाही नेलं असतं," हेन्नी म्हणाली. "आणि हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

 सभागृहातली मुले एकेक करून उभी राहिली.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही कुणाची होती? उत्तर लगेच येणार नाही. जवळ बसा आणि वाट बघा.