फाटकाचा रोज एक फोटो

चष्मेवाल्याला फोटोंचं वेड उशिरा लागलं, आणि उशिरा लागलेलं वेड म्हणजे काही विचारू नका. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांना "हे अक्षर दिसतंय का, ते दिसतंय का" विचारायचं आणि संध्याकाळी घरी येऊन स्टँडवर कॅमेरा चढवायचा. विषय तीनच. रस्त्यावरचे दिवे, दारची फुलं आणि घरातला कुत्रा. दिवे आणि फुलं बिचारी शहाण्यासारखी राहत. कुत्रा मात्र जन्मात कधी एका जागी बसला नाही, म्हणून तर बायकोने त्याचं नाव वळवळ्या ठेवलं होतं. मूलबाळ नव्हतं, तिचा सगळा जीव त्याच्यात.

ती आठवडाभर भावाकडे गेली आणि घात झाला. आमचे हे कलावंत गुलाबावरचा पाण्याचा थेंब टिपण्यात इतके गुंग, की फाटकाची कडी लावायची राहिली. वळवळ्या बाहेर पळाला आणि टेम्पोखाली आला. चष्मेवाल्याने त्याला आपल्या हातांनी गुलाबाच्या वाफ्यात पुरलं, पोटभर रडला, आणि दुसऱ्या दिवशी बायको दारात उभी राहिल्यावर तोंडातून भलतंच निघालं, "पळून गेला गं. येईल, जातोय कुठे!"

खोटं एकदा बोललं की जन्मभर निस्तरत बसा. बायको फाटकावरचा दिवा रात्रभर चालू ठेवायला लागली. वर म्हणाली, "अहो, नाहीतरी तुम्ही दिव्यांचे फोटो काढता. रोज एक फाटकाचा काढा. आला आणि बिचकून परत गेला, तर निदान कळेल तरी."

आता नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? रोज जेवणं उरकली की हा वरच्या खिडकीत कॅमेरा लावी. शटर तीस सेकंद उघडं. एवढ्या वेळात चालता माणूस फोटोत उमटतच नाही. जे दगडासारखं थांबेल तेच उमटतं. फाटक, दिवा, रिकामा रस्ता. चष्मेवाल्याला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटायची.

नवव्या दिवशी फाटकाशी दोन हिरवे ठिपके आले.

त्याने लेन्स पुसली, पुन्हा फोटो काढला. ठिपके तिथेच. दुसऱ्या दिवशी ते फाटकाच्या आत होते, तिसऱ्या दिवशी बरोब्बर खिडकीखाली, आणि त्यांच्याभोवती अंधुक नाक, कान. फ्लॅश नसताना जनावराचे डोळे असे चमकत नाहीत, हे डोळ्यांवर पोट भरणाऱ्याला काय कळत नव्हतं? शटर उघडं होतं तेवढा वेळ तो खाली टक लावून बघत होता. अंगणात काही नव्हतं. त्याने फोटो पुसून टाकले आणि बायकोला सांगितलं, "आजही काही नाही."

चौथ्या दिवशी ती शेजारीच येऊन उभी राहिली. फोटो पडद्यावर आला आणि तिचा चेहरा असा काही फुलला, की त्याने नजर फिरवली.

"आला! अहो, आला माझा राजा!"

अनवाणीच ती धावत खाली गेली. "वळवळ्या, ये रे, रागावू नकोस रे," म्हणत अंगणभर फिरली, कुंड्यांमागे वाकून पाहिलं. हाका मारमारून तिचा घसा बसला. मग मात्र त्याच्याने राहवेना. तो खाली आला आणि गुलाबाजवळ त्याने तिचा हात धरला.

"नको हाका मारूस. मी कडी लावली नव्हती गं. तो गेला. इथेच पुरलाय मी त्याला."

ती रडली नाही. तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"कधी?"

"तू यायच्या आदल्या दिवशी."

ती वाफ्याकडे बघत राहिली. "मग तीन रात्री मी पायांशी कुणाला जागा करून देतेय?"

"म्हणजे?"

"मला वाटायचं, स्वप्न पडतंय. पायांना ऊब लागते. पण झोपत नाही हो तो. बसून राहतो, जराही हलत नाही. मी मनात म्हणायचे, एवढा गुणी कधीपासून झाला?"

"तू रागाव, बोल मला काहीही. पण मी काय करू ते सांग."

"मला काय विचारता?" तिने हात सोडवून घेतला. "तो माझ्याकडे बघत नाही बसत. रात्रभर तुमच्याकडे बघत बसतो."

आणि ती एकटीच वर झोपायला गेली.