गाडी धरून

दाजी नव्या मालगाडीखाली डोकं घालून स्प्रिंगचे पाटे मोजत होते. डाव्या हाताला तीनच बोटं, त्यामुळे पाटे मोजताना मधूनच उजव्या हातावर यावं लागायचं.

"किती?" वरून मेहुण्याने विचारलं.

"मागे नऊ."

"आणि त्या दुसऱ्या गाडीला?"

"सात. पण जाड आहेत."

"बरं, या बाहेर. की झोपलात तिथंच?"

शोरूममधली मुलगी हसली. गिऱ्हाईक हसलं की हसायचं, हे तिच्या पगारात धरलेलं होतं. दाजीही हसले. त्यांच्या पगारात तेच धरलेलं होतं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आणि फरशीच्या वखारीचा मालक. नात्याने त्याने दाजींना मान द्यायचा, कामाने दाजींनी त्याला. दाजी त्याला शेठ म्हणायचे. तो त्यांना दाजी म्हणायचा आणि अहो-जाहो करत वाट्टेल ते बोलायचा. "दाजी, जागे आहात ना?" हे वाक्य चार वर्षं वखारीत चाललं होतं. हमालांनी उचललं, मग माल न्यायला येणाऱ्या गवंड्यांनी. नवीन माणसाला कामावर घेतलं की दोन दिवसांत तोही शिकायचा.

चार वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या जिन्याचा ग्रॅनाइट घेऊन जाताना उतारावर गाडी थांबली नव्हती. दाजींनी ती शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर घातली. भर दुपार होती, शाळेला सुट्टी होती. भिंत गेली, दोन बोटं गेली, माणूस कुणी गेलं नाही. मेहुण्याने भिंत बांधून दिली, आणि दवाखान्यात सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर खिशातून खाणीची पावती काढली.

"पाटीवर लिहिलंय चौतीसशे नव्वद किलो. मी भरले तेहेतीसशे. म्हणजे वर एकशे नव्वदची जागा रिकामी. मग गाडीचा काय दोष? डुलकी लागली दाजींना, दुसरं काय!"

पाटी म्हणजे दाराच्या चौकटीत ठोकलेला पत्र्याचा तुकडा. दाजींनीही ती शंभरदा वाचली होती. निघताना ते म्हणाले होते, "गाडी जड वाटतेय." पण वाटण्याला किलो नसतात. पावतीला असतात.

पहिलं वर्ष ते सांगत राहिले, मी जागा होतो, ब्रेक पार तळाला दाबला होता. दुसऱ्या वर्षी सांगणं सोडलं. तिसऱ्या वर्षी त्यांनाच वाटायला लागलं, लागली असेल डुलकी. स्वतःची झोप कुणाला दिसते? बायको रोज सकाळी चहाचा कप पुढे करताना विचारायची, "झोप झाली ना नीट?" मायेनंच विचारायची. मेहुण्याची थट्टा पचायची, ही माया पचायची नाही. त्या दिवसापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. वखारीच्या मागच्या शेडमध्ये बसून फरशांच्या कडा घासायच्या, नाकातोंडात भुकटी घ्यायची, संध्याकाळी घरी जायचं. आज त्यांना आणलं होतं ते गाडीतलं कळतं म्हणून. जुनी गाडी मेहुण्यानेच चालवत आणली होती.

दाजी कपडे झटकत उभे राहिले. मेहुणा दोन गाड्यांच्या काचांना लावलेले तक्ते वाचत होता.

"ठरलं. ही घेऊ. ही सदतीसशे, ती पस्तीसशे. दोनशे किलो जास्त घेते ही."

"उलट आहे साहेब," मुलगी म्हणाली. "ही सतराशे घेते. ती साडेसतराशे."

"काय?"

"माल."

"मग हे सदतीसशे कुणाचं वजन, तुमचं?"

ती पुन्हा पगारापुरतं हसली. "ते एकूण वजन. गाडी धरून. हिचं स्वतःचंच वजन दोन हजार आहे. राहिले सतराशे. त्यातून तुम्हा दोघांचं वजन वजा करायचं, उरेल तेवढा माल. ती गाडी अंगाने हलकी आहे, म्हणून माल जास्त घेते. मोठा आकडा बघू नका तुम्ही."

"गाडी धरून," मेहुणा म्हणाला. त्याने विचारलं नव्हतं, नुसतं म्हटलं. तक्त्यावर ठेवलेलं त्याचं बोट तिथंच राहिलं.

दाजींनी घसा साफ केला. "आणि दाराच्या चौकटीत पाटी असते, तिच्यावर?"

"तिच्यावरही एकूणच असतं, काका. खूप जणांची गल्लत होते."

खूप जणांची. मुलगी किती सहज बोलून गेली. दाजींनी मेहुण्याकडे पाहिलं नाही. ते काचेचं दार ढकलून बाहेर आले.

जुनी गाडी उन्हात उभी होती. त्यांनी चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि पाटीवरची धूळ अंगठ्याने पुसली. आकडा तोच होता. आकड्याच्या आधी, रंगाच्या फराट्याखाली अर्धवट बुजलेला, 'एकूण' हा शब्दही होता. पहिल्यापासून होता. दाजींनी मनात वजाबाकी केली. या गाडीचं स्वतःचं वजन साडेसतराशे, ते गेलं की राहतात सतराशे चाळीस. भरले होते तेहेतीसशे. दुपटीला थोडंसंच कमी.

आपण जागे होतो.

संताप यायला हवा होता. वखारीत जाऊन एकेकाला हाका मारून ही पाटी दाखवावी, दवाखान्यात जमलेल्या सगळ्यांना पुन्हा गोळा करावं, असं काहीतरी वाटायला हवं होतं. पण चार वर्षं कडा घासून माणसाच्या अंगात संतापाएवढी ताकद उरत नाही. ते सीटच्या कडेला टेकले.

थोड्या वेळाने मेहुणा पाण्याची बाटली घेऊन आला.

"पाणी घेता, दाजी?"

"नको."

"ऊन फार आहे."

"आहे."

मेहुण्याची नजर पाटीवर गेली आणि लगेच रस्त्याकडे वळली. "साडेसतराशेवाली सांगून आलो."

"बरं केलंत."

"खेपा दोन होतील आता."

"होतील."

मेहुण्याने बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं, होतंच घट्ट, तरी पुन्हा केलं.

दाजींनी तीन बोटांचा हात पुढे केला. "किल्ली."

"अहो, मी चालवतो की. तुम्ही कशाला..."

"किल्ली द्या, शेठ."

मेहुण्याने किल्ली दिली आणि वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसला. पहिला गिअर टाकताना गाडीने गचका दिला. दुसऱ्याला दिला नाही. बाजारपेठ मागे पडली, उतार आला. खाली शाळा. भिंतीचा तेवढा भाग अजून वेगळ्या रंगाचा होता. दाजींनी मध्यावर ब्रेक दाबला. रिकामी गाडी सांगितल्या जागी थांबली. मागच्याने हॉर्न वाजवला. त्यांनी ब्रेक सोडला, चार हात पुढे जाऊन पुन्हा दाबला. पुन्हा थांबली.

मेहुणा डॅशबोर्डला हात रोवून समोर बघत होता.

"शेठ," दाजींनी विचारलं, "जागे आहात ना?"