कानावरचा हिरवा दिवा

मी कानाचं मशीन बोलतोय. जीव माझा शेंगदाण्याएवढा, पण मनावरचं ओझं काही केल्या हलत नाही.

एका कारखान्यात भिंगाखाली माझी जुळणी झाली. पुढे दुकानाच्या काचेच्या कपाटातून मालकांच्या मुलानं मला घरी आणलं. मालकांनी जन्मभर लेथवर काम केलं, त्या कर्कश आवाजानं कान गेले. पहिल्या दिवशी मला घालून ते ओरडलेच, "अगं, हा नळ गळतोय!"

"केव्हाचा गळतोय," मालकीणबाई म्हणाल्या.

ते कौतुक महिनाभर टिकलं. मग एका दुपारी बाई शेजारणीचं गाऱ्हाणं सांगत होत्या आणि मालकांच्या बोटाला माझं बटण सापडलं. मी बंद! मशीन कानात दिसतंय म्हणून कुणी ओरडेना, आणि आवाज तर येईना. मालकांना स्वर्ग दोन बोटं उरला. समोरचे ओठ थांबले की मान डोलवायची आणि "हो हो" म्हणायचं. घरातले म्हणायचे, आता कसं लक्ष देऊन ऐकतात!

बंद असलो तरी मला ऐकू येतं बरं का. फक्त ते आत पोचवता येत नाही. म्हणून त्या दिवशीचंही मी ऐकलं. बाई बाल्कनीत मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "छातीत गाठ लागतेय हाताला. उद्या तपासायला बोलावलंय. एकटीला भीती वाटते हो. याल ना?"

मालक रस्त्याकडे बघत होते. नजर वळली, बाईंचे ओठ थांबलेले दिसले, तशी मान हलली. "हो हो."

मला ओरडावंसं वाटलं. पण बटणापुढे माझं काय चालणार?

सकाळी मालक नेहमीसारखे पत्ते खेळायला गेले. दुपारी परतले तर बाईंच्या दंडावर कापूस चिकटवलेला. त्यांनी घाईनं मला चालू केलं. "हे काय झालं?"

"गाठीचा तुकडा काढलाय तपासायला. रक्तही घेतलं."

"अगं, मग मला सांगायचंस ना!"

"सांगितलं की काल. तुम्ही हो म्हणालात."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी बंद झालो नाही. रिपोर्टची वाट बघायचे ते दिवस, आणि मालकांना काय एकेक ऐकू यायला लागलं! घड्या घालताना बाई गुणगुणतात. जिन्यात मध्येच थांबून दम घेतात. कप भरत आला की चहाचा आवाज चढत जातो. मालकांनी तर लहान मुलासारखा पुन्हा ओतून बघितला. "रोज होत होतं हे?" एवढंच पुटपुटले आणि त्यांचे डोळे भरले.

पण आता बाईच बोलेनात. "काय म्हणालीस?" विचारलं की "काही नाही." शेवटी काल मालकांना राहवलं नाही.

"हे मशीन मी बंद ठेवायचो गं. त्या दिवशीही."

"ठाऊक आहे. चालू असलं की हिरवा दिवा लागतो त्यावर. मुलानं दाखवला होता."

"दिवा बंद दिसत होता, तरी सांगितलंस?"

"बंद होता म्हणूनच सांगवलं. तुमचा चेहरा बघवला नसता मला." बाई पुढे म्हणाल्या, "तरी सकाळी तयार होऊन दारात उभी होते. तुम्ही बाजूनं निघून गेलात."

 

आत्ता आम्ही रिपोर्टसाठी दवाखान्यातल्या बाकावर बसलोय. मालक सारखे बोटानं बटण चाचपून बघताहेत. तुमच्या कानात मी नसेनही, पण न ऐकता मान डोलवायची युक्ती तुम्हालाही जमत असेल. सोडा ती, हात जोडतो.

दार उघडलं. नर्सनं नाव पुकारलं. बाईंनी आधी मालकांच्या कानाकडे पाहिलं. दिवा लागलेला होता.

"भीती वाटते हो," त्या म्हणाल्या.

"ऐकलं मी," मालक म्हणाले, आणि त्यांच्याआधी उठले.