बाहेरच्या पायाची साक्ष

मी एका सायकलचं उजवं पायडल बोलतोय. सायकलला बोलायला सवड नसते. माझ्यावर एकच पाय असतो, त्यामुळे मला ऐकायला वेळ मिळतो.

माझा मालक सायकली दुरुस्त करतो. तीन जुन्या सायकलींचे भाग जोडून त्यानं ही बायकोसाठी उभी केली. लग्नाला दोन महिने झाले होते आणि तिला टेकडीखालच्या चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायचं काम लागलं होतं. आठला हजेरी, चालत सव्वा तास. सायकल जमली तरच नोकरी, असं घरात ठरलं. पडलीस तर घरी बसायचं, हे सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलं. त्यात अर्धी काळजी होती. उरलेल्या अर्ध्याबद्दल मी बोलत नाही.

उतार संपतो तिथे डावीकडे वळण आहे. मालकानं तिला तिथेच शिकवलं. ब्रेक वळणाआधी, वळणात नाही. डावं पायडल वर, नाहीतर रस्त्याला घासेल. उजवा पाय खाली आणि सगळा भार त्याच्यावर, म्हणजे माझ्यावर. सायकल झुकू दे, तू आखडू नको.

ती भराभर शिकली. खोड एकच, मान खाली. नव्या घरात ती सगळ्यांसमोर खालीच बघायची, सासऱ्यांसमोर तर फरश्या मोजायची. रस्त्यावरही तेच.

"खाली बघू नको," मालक रोज म्हणायचा. "चाक काही पळून जात नाही."

सासरे सकाळी त्याच वळणावर, शिंप्याच्या दुकानापुढे पेपर वाचत उभे राहायचे. कामाच्या अकराव्या दिवशी आम्ही उतारावरून आलो. ब्रेक वेळेवर लागला. डावं पायडल वर गेलं. तिचा भार माझ्यावर आला, अगदी यायला हवा तसा. समोर सासरे. तिची मान सवयीनं झुकू लागली, मग नवऱ्याचं सांगणं आठवलं आणि तिनं वर बघितलं. थेट त्यांच्याकडे. नजर जिथे अडकते तिथे सायकल जाते. आम्ही वळलोच नाही.

त्यांच्या कमरेचं हाड मोडलं. सुनेनं तीन महिन्यांत सासऱ्याला आडवं केलं, असा विनोद गल्लीत फिरला. ती घरी राहिली. त्यांचं अंग पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं. भरवताना तरी तोंडाकडे बघावंच लागतं. कारखान्यानं दुसरी बाई घेतली. सासूबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं.

सायकल सासऱ्यांच्या खिडकीखाली टेकवलेली असायची. एकदा मालक वडिलांना सांगत होता, मी तिला सगळं शिकवलं होतं, पाय, ब्रेक, भार.

म्हाताऱ्यानं विचारलं, "खाली बघू नको म्हणालास. मग कुठे बघायचं, ते सांगितलंस?"

दीड महिन्यानं छातीत कफ साचून सासरे गेले.

आता मालकच ही सायकल दुकानात नेतो. गिऱ्हाइकांना अजून वळण समजावतो, स्वतः मात्र त्या कोपऱ्याआधी उतरतो आणि सायकल हातात धरून चालत जातो.

परवा ती दारात आली. "मी एकदा ते वळण घेऊन बघू?"

तो चेन पुसत राहिला. "कशाला? कामावर थोडंच जायचंय आता."

ती आत गेली.

माझं मागणं एवढंच. तिच्याबद्दल कुणी काही बोललं तर सांगा, तिचा पाय चुकला नव्हता. तो माझ्यावर होता, पूर्ण भारानिशी. मला ठाऊक आहे, पण पायडलला विचारतो कोण?