बावीस बायकांचं शून्य

डॉक्टर संगिता मॅडमनी वीस वर्षं बंगळूरच्या प्रयोगशाळेत मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेत. अल्झायमर झालेल्या माणसांचे. त्यात मेंदू हळूहळू सुकत जातो आणि माणूस स्वतःचं घरही विसरतो. शाळा न शिकलेल्यांत हा आजार कसा ओळखायचा, ते आता त्या शोधून राहिल्यात. म्हणून त्या गोरेगाव खेड्याजवळच्या आमच्या तांड्यावर आल्या. त्यांना आमची बंजारा बोली, गोरमाटी, येत नाही आणि मला मराठी फाडफाड येते! दहावीत आहे मी, वक्तृत्वात तालुक्यात दुसरी. पहिलीला मी मानत नाही. तर दुभाषी मीच.

चौथ्या दिवशी शेजारची जिवनबाई आजी तपासणीला बसली. तिचा लेक सुदामकाका बाहेर मोटारसायकलवर थांबला होता. आजी बाजाराला एकटीच शेळ्या घेऊन जाते, त्याचा त्याला घोर. "डॉक्टर म्हणल्या डोकं बराबर हाय, तर जा. न्हाई तर आजपासून बाजार बंद," असं त्यानं सकाळीच बजावलं होतं. आजीचा जीव बाजारात. ती मुठी आवळूनच बसली.

"घरातल्या माणसांची नावं सांगा," मॅडम म्हणाल्या. आजीनं लेक, सून, नातवंडं, वर तीन शेळ्याही सांगितल्या.

"आणि नवऱ्याचं?"

आजीनं पदर तोंडाला लावला. मान दुसरीकडे वळवली.

मॅडमनी कागदावर रेघ मारली. आधीच्या बायकांच्या वेळीही मारायच्या. मला वाटायचं, रेघ म्हणजे 'लाजली'. आज वाकून बघितलं तर रेघेखाली शून्य! आणि मॅडम खाली लिहीत होत्या, 'एकटीने प्रवास नको.'

"थांबा मॅडम!" मी ओरडलेच. "आजी, तुझा मालक म्हणजे उत्तमसिंग ना?"

"त्यो आळशी? त्याच्या घरी मी नांदले असते व्हय?"

"मग थावरा?"

"तोंड सांभाळ, पोरी!"

"मग पेमा?"

आजीनं पदरात तोंड लपवलं आणि हसत हसत माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी खोकलेच.

"नवऱ्याचं नाव घेत नाहीत आमच्यात," मी पाठ चोळत म्हणाले. "आठवतं सगळं."

मॅडमचा पेन हातातच राहिला. "अगं, मीही इकडचीच, हट्टा गावची! माझ्या आईनं उभ्या जन्मात वडिलांचं नाव घेतलं नाही. आणि हा प्रश्न मीच लिहिला?"

"वीस वर्षं विसरण्याचाच अभ्यास ना, मॅडम," मी बोलून गेले आणि जीभ चावली. पण त्याच खो खो हसल्या.

मग त्यांनी सगळे कागद काढले. तेवीस बायका, त्यातल्या बावीस जणींना शून्य. एकट्या पद्माबाईनं नवऱ्याचं नाव पटकन सांगितलेलं, तिला पूर्ण गुण. मॅडमचं हसू थांबलं.

"जन्मभर जे नाव घेतलं नाही, ते ही सहज बोलली. ती रीतच विसरली असेल तर? उद्या आधी हिच्याकडे जाऊ." हे मला सुचलंच नव्हतं.

पण आजीचं अजून बाकी होतं. अर्ध्या तासापूर्वी मॅडमनी तिला पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. आजीनं पाचही धडाधड सांगितले, वर म्हणाली, "हे तर लेकरूबी सांगल. आणखी काही अवघड हाय का?"

मॅडमनी नवऱ्याच्या नावाचा प्रश्न खोडला, प्रवासाची ओळही खोडली आणि सुदामकाकाला आत बोलावलं. "तुमच्या आईची स्मरणशक्ती ठणठणीत आहे. जाऊ दे त्यांना बाजाराला."

काकानं सुस्कारा सोडला. "चल माय, बाजाराच्या जीपपर्यंत गाडीवर सोडतो."

"आन् शेळी काय तुझ्या डोक्यावर बसवू?" म्हणत आजी दारातल्या शेळीचं दावं सोडून निघालीसुद्धा.